लान्स नायक नागूची दाढ

उत्तरेकडच्या त्या पोस्टवर कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातले आम्ही दोघेच होतो. मी रामनगरचा, नर्सिंग असिस्टंट. म्हणजे डॉक्टर येईपर्यंत जखमी आणि आजारी जवानांना सांभाळणारा. दुसरा लान्स नायक नागू वेळीप, दिग्गीच्या जंगलातला. एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, त्याच्याकडे असायची. माझ्याशी मराठी बोलायचा, रागावला की कोंकणी.

दिनक्रम ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज राहणं, मग चहा, मग दाढी आणि दात. बर्फ वितळवून केलेलं पाणी मगभर मिळे. तोंडात घेतलं की कळ डोक्यात जायची, म्हणून बरेच जण ब्रश नुसता फिरवल्यासारखं करत. नागू मिसरीवर भागवायचा. "मिसरी लावली की ठणका थांबतोय बघ," म्हणायचा.

खाली बेसवर आलो की डेंटल इन्स्पेक्शन असे. तिथल्या कॅप्टन मॅडमनी नागूच्या तोंडात आरसा धरला आणि मलाही बघायला बोलावलं.

"किडलेला दात एकही नाही," त्या म्हणाल्या. "पण हिरड्या बघ."

हिरड्या जांभळट, सुजलेल्या. दातांच्या मुळाशी पिवळं, टणक कीटण. मॅडमनी समजावून सांगितलं. जेवल्यावर दातांवर चिकट थर बसतो. तो रोज निघाला नाही तर त्याचं कीटण होतं, ते ब्रशने निघत नाही. त्याच्या आडोशाने जंतू हिरडीखाली उतरतात आणि दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाड पोखरतात. वरून दात धड दिसतो, खाली आधार उरत नाही.

त्यांनी कीटण खरवडून काढलं. बेसिन लाल झालं.

"रोज दोनदा ब्रश. मिसरी बंद. समजलं?"

"येस मॅडम."

पलटणीत असेपर्यंत नागूने तो हुकूम पाळला.

रिटायर होऊन मी रामनगरात औषधाच्या दुकानात बसू लागलो. नागू भातशेतीकडे परतला. बाजाराला आला की दुकानात टेकायचा. मिसरी पुन्हा सुरू झाली होती. बोलताना तोंडाला वास यायचा. खालची शेवटची दाढ जिभेने हलवून दाखवायचा आणि हसायचा.

"बेळगावला चल, डॉक्टरांना दाखवू."

"दुकत न्हाई तर कशाला रे? पडंल आपसूक."

हिरडीचा रोग असाच असतो. बराच काळ दुखत नाही, म्हणून माणूस त्याला रोग मानत नाही.

एका वर्षी भाताची लावणी उरकल्यावर त्याने मला जेवायला बोलावलं होतं. सकाळी दिग्गीत पोचलो, तर त्याची बायको शेवंती दारातच उभी होती.

"भावजी, बरं झालं आलासा. कालपासनं ह्यास्नी पाणी बी गिळंना झालंय."

नागू खांबाला टेकून पुढे वाकून बसला होता. तोंडातून लाळ गळत होती. हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी सूज. हात लावला तर लाकडासारखी कडक आणि तापलेली. गालावर कुणीतरी पाल्याचा लेप लावला होता.

"नागू, आ कर."

तोंड बोटभरच उघडलं. जीभ खालून ढकलल्यासारखी टाळूला टेकली होती. मला काय झालं ते कळलं. त्या दाढेची मुळं जबड्यात खोल असतात. तिथला पू जिभेखाली आणि मानेत पसरला होता. सूज आणखी वाढली असती तर श्वासच बंद झाला असता.

शेजारी बाज घेऊन आले.

"आडवा करायचा नाही," मी म्हणालो. "आडवा झाला तर गुदमरेल. खुर्ची आणा. दोन बांबू."

खुर्ची बांबूंना बांधली. चौघांनी खांद्यावर घेतली. गावात फोनला रेंज नव्हती, म्हणून आधी जंगलखात्याच्या चेकपोस्टवर गेलो. तिथल्या गार्डने वायरलेस उचलला आणि कन्नडमध्ये बोलला.

"कंट्रोल, पेशंट सीरियस आहे. श्वास अडतोय. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"ओढ्यावरची मोरी आत्ताच वाहून गेलीय. ॲम्ब्युलन्स पलीकडे थांबेल. पेशंट आणता येईल का? ओव्हर."

गार्डने माझ्याकडे पाहिलं.

"आणतो म्हणून सांग," मी म्हणालो.

ओढ्याला कमरेइतकं पाणी होतं. मी खुर्चीला खेटून चालत होतो, एक हात नागूच्या पाठीला. त्याची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. मध्यावर आल्यावर त्याने मान उचलली. घशातून कसाबसा आवाज काढला.

"डावीकडं नगो... खड्डा हाय."

पुढच्या दोघांनी पाऊल मागे घेतलं. खड्डा होताच. त्यानंतर नागू बोलला नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावला. बेळगावला पोचताच डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी घातली, पू काढला, ती दाढही काढली. रक्तातली साखर खूप वाढलेली निघाली. नागूला मधुमेह आहे हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. साखर आणि हिरड्या एकमेकांना बिघडवत गेल्या होत्या. पण पुवाचं विष रक्तात पसरलं होतं. डॉक्टरांनी सगळे प्रयत्न केले. नागू वाचला नाही.

शेवंती व्हरांड्यात भिंतीला धरून उभी होती.

"दातानं मानूस मरतो व्हय, भावजी?"

नोकरीत अशा बातम्या मी बऱ्याच जणांना सांगितल्या होत्या. तरी या वेळी आधी तिला बाकावर बसवलं.

"मरतो, वहिनी."

पुढच्या स्वातंत्र्यदिनी रामनगरात आम्ही माजी सैनिक झेंड्याखाली जमलो. दरवर्षी तिथे तालुक्यातल्या आणि आसपासच्या शहिदांची नावं घेतली जातात. नावं संपली तेव्हा मी एक पाऊल पुढे आलो.

"लान्स नायक नागू वेळीप. दिग्गी."

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी नाव ओळखलं नाही.

"कुठल्या ऑपरेशनमध्ये?"

"ऑपरेशन नाही, साहेब. घरी. हिरडीच्या इन्फेक्शनने गेला."

मागे कुणीतरी कुजबुजलं. सुभेदारांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी मलाच विचारलं.

"पलटणीत कसा होता?"

"गन कधी खाली ठेवली नाही, साहेब."

त्यांनी टोपी सारखी केली आणि रांगेकडे वळले.

"सावधान!"

आम्ही सगळे ताठ उभे राहिलो.