गिरजाच्या नवऱ्याचं नाव

उभारीचा पहिला फटका गिरजाच्या जबड्यावर बसला तेव्हा मी शाळेच्या खिडकीत उभी होते. उभारी म्हणजे बैलगाडीच्या बाजूला ठोकतात ते लाकूड. हाड मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. दोघांनी तिचे हात धरले होते, तिसरा मारत होता. दुसऱ्या फटक्याला दात पडले. मी ओरडले नाही. बाहेर गेले नाही. एक वाक्य बोलले असते तर मार थांबला असता — ते माझ्या तोंडात होतं, आणि मी तोंड मिटून घेतलं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. माझा नवरा मेला, त्याला नाही. पोरांना नाही. तुम्हाला का सांगते? ते मलाही धड माहीत नाही.

आणीबाणी उठून काही वर्षं झाली होती. दिल्लीची निवडणूक होती. बाकीची सगळी गावं आधीच वाटून गेलेली — देवळीकडची याची, तिकडची त्याची. जाम रस्त्यावरची आमची चार-पाच गावं तेवढी कधी इकडे, कधी तिकडे. आम्ही जिकडे पडू तो दिल्लीला जायचा. म्हणून एरवी आमच्याकडे कुत्रं फिरकत नसे, आणि मतदान आलं की जीपा यायच्या.

बायका डोईवरचा पदर ओढून येत. माणसांना त्यांचे चेहरे कुठून माहीत असणार? म्हणून एका पार्टीनं मला एजंट म्हणून बसवलं. चौथी शिकलेली, सगळ्या घरांत जाणारी. मला खुर्ची दिली. माणसांच्या रांगेत खुर्ची — त्याआधी मला कोणी दिली नव्हती. लालूच विचाराल तर तेवढीच. पैसा नाही, काही नाही. खुर्ची.

सकाळी जीपमधून परक्या बाया आणल्या. गावात ज्या नाहीत त्यांच्या नावावर त्यांनी मतं टाकायची, आणि मी म्हणायचं, ‘हो, हीच ती.’ गिरजा माहेरी आष्टीला गेलेली, म्हणून तिचंही नाव धरलं. शाळेत मतदान घेणाऱ्या साहेबानं विचारलं, ‘नवऱ्याचं नाव?’ जीपमधली बाई फटकन म्हणाली, ‘उकंडा.’

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. राशनच्या दुकानात, दवाखान्यात, कुठंही विचारलं की सोबतची बाई सांगते. गिरजाची सोबतीण मी. एकाच पातीत आम्ही कापूस वेचायचो. तिच्या नवऱ्याचं नाव मीच जागोजागी घेतलेलं. एवढ्या सहज ते घेणारी बाई खोटी आहे, हे माझ्याइतकं कोणाला कळत होतं? मी मान हलवली. बोटाला शाई लागली, मत पडलं.

दुपारी रांग मोडली होती. वेचणीचे दिवस, गाव शेतात. गिरजा बसमधून उतरली ती पिशवी घेऊन तशीच शाळेत आली. मत द्यायला म्हणून आली — दुसरं काही नाही. साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

‘सांग ना वो शांते,’ ती हसली. ‘आज तुलेच लाज वाटून राह्यली का?’

साहेबानं मला विचारलं, ‘बाई, तुम्ही ओळखता हिला?’

ओळखते म्हटलं असतं तर सकाळची सगळी मतं उघडी पडली असती. मतदान रद्द झालं असतं. माझी खुर्ची —

मी म्हणाले, ‘नाई ओळखत. खरी गिरजा सकाळीच मत टाकून गेली.’

तिला वाटलं मी थट्टा करते. ‘चाळे नको करू वो,’ म्हणाली. मग तिनं माझं तोंड नीट पाहिलं. बोट वर केलं. ‘शाई कुठं हाय माह्या बोटाले? कोनं टाकलं माह्यं मत?’ ती मोठ्यानं बोलायला लागली तशी जीपवाली माणसं दारातून आत आली आणि केसाला धरून तिला बाहेर घेऊन गेली. साहेब कागदात बघत राहिला.

पुढचं सुरुवातीलाच सांगितलं. एक राहिलं. उभारी उगारली तशी ती ओरडली — ‘उकंडाची बायको आहो मी! उकंडाची!’ आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते नाव घेतलं. मी घेतलं नाही म्हणून तिला घ्यावं लागलं.

उकंडाचं शेत शाळेला लागून. त्यानं ऐकलं. कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली, तो धावत आला. त्यांनी त्याला खाली पाडलं. उभारी डोक्यात घातली, पुन्हा घातली. ओटीतला कापूस लाल झाला तरी ते थांबले नाहीत.

पोलिसांचा जमादार आला तेव्हा गिरजा माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. जबडा लोंबत होता, शब्द फुटत नव्हता. त्यानं मला विचारलं, ‘काय म्हणते ही? तुम्ही हिच्या शेजारच्या ना?’

मी म्हणाले, ‘गर्दी होती म्हणते. कोनं मारलं ते दिसलं नाई म्हणते.’

गिरजानं ते ऐकलं. बोट खाली घेतलं.

त्यानं तसंच लिहून घेतलं. आमच्या गावांच्या मतांवर त्या पार्टीचा माणूस दिल्लीला गेला. मी पुढच्या दोन निवडणुकांत त्याच खुर्चीवर बसले.

उकंडा वर्ध्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत मेला. गिरजा जगली. आष्टीला भावाकडे राहते, चावता येत नाही, अजून मऊ भात कालवूनच खाते. मी जगले. मला काही झालं नाही.