चौकशी दोन्हीकडची

मानसिंगकाका कुलूप लावून दोन पावलं जात, परत येऊन ते ओढून बघत. दुधाच्या पिशवीवरची तारीख उजेडात धरून वाचत. कंडक्टरनं सांगितलं तरी एसटीची पाटी स्वतः बघून येत. कुणी फार गोड बोलू लागलं की चपला पायात सरकवत.

पानशेतला धरणाकाठी पुण्याच्या एका साहेबांचा बंगला होता. अकरा वर्षं काका त्याचे राखणदार. ते आणि धोंडाकाकू मागच्या खोलीत राहत. समोर आमची खानावळ. मी साहित्यात बी.ए. केलेला, म्हणून इंग्रजी कागद माझ्याकडे येत.

फेब्रुवारीत साहेबांनी बंगला विकला. जाताना काकांना इंग्रजीत शिफारसपत्र दिलं. ते बघून नव्या मालकीणबाई, शेफालीमॅडम, काकांना ठेवायचं की नाही ते ठरवणार होत्या. नोकरी गेली तर खोलीही जाणार होती.

पत्रात एका शब्दाखाली काकांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती. रिलायबल.

मी म्हणालो, भरवशाचा. ज्याच्यावर विसंबून राहता येतं असा. माणसाला म्हणतात, बातमीला म्हणतात, यंत्रालाही.

"पाण्याच्या मोटारीच्या खोक्यावर हाच शबुद व्हता. दोन उन्हाळ्यांत जळली ती." काकांनी हनुवटीनं गेटवरचा कॅमेरा दाखवला. "माझ्यावर भरवसा व्हता, तर ते कशाला बसवलं?"

त्यांनी वेल्ह्याला जाऊन एका वकिलाच्या कारकुनालाही विचारलं. त्यानं तोच अर्थ सांगितला. आम्ही दोघांनी आधीच ठरवून घेतलंय, असा काकांना संशय आला.

रविवारी मॅडम आल्या तेव्हा काका आंब्यांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावत होते; मीही तिथंच होतो. मॅडमनी पत्र वाचलं. छान आहे म्हणाल्या. काकांनी ते परत घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"आता तुमचा दाखवा."

"माझा काय?"

"असाच कागद. तुमच्याकडं आदी जो कामाला व्हता, त्याच्या हातचा. सोयरीक जुळवताना आमी दोन्हीकडची चौकशी करतो."

मॅडम हसल्या. काका हसले नाहीत. काकांचा स्वभावच तसा, असं मी मध्ये पडून म्हणालो. काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. ज्याचा आमच्यावर विश्वास नाही तो माणूस नको, मॅडम म्हणाल्या. महिनाअखेरपर्यंत खोली सोडा.

काकांनी महिनाअखेरीची वाट पाहिली नाही. दुपारीच टेम्पो आला. मी भांडी टेम्पोत चढवत होतो. काकू म्हणाल्या, "साहेबांकडं असा कागद मागायचं राहिलं व्हतं. अकरा वरसं."

आंबे सात. तीन बुंधे रंगवून झाले होते. चौथ्यावर गेरूचा पट्टा अर्ध्यात थांबला होता, आणि बादलीत चुना घट्ट होत होता.