मांडी न हलवता

आमच्याकडे बाळ जन्मलं की त्याच्या कानाशी थाळी वाजवतात. ते दचकलं की घर निर्धास्त होतं. माझी मुलगी आठ महिन्यांची झाली तरी तिच्या तोंडून 'बाबाबा', 'मामामा' असं काही निघेना, तेव्हा मी भीत भीत सासूबाईंपाशी विषय काढला. त्या उठल्या आणि थाळीच घेऊन आल्या.

मुलगी झोळीत झोपली होती. झोळी पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला बांधलेली. सासूबाईंनी त्याच अँगलच्या खांबावर थाळी दणकन आपटली. मुलगी थरथरून जागी झाली.

"बघ, कशी दचकली! कान तिखट हायेत माझ्या नातीचे. तिचा बाप बी उशिराच बोलला व्हता. तू उगं टेन्शन घेऊन राह्यली."

नवऱ्याने लगेच आईची री ओढली. या घरात त्याचं हे काम ठरलेलंच आहे. मीही हसले, पण मला ते पटलं नव्हतं. शेजारणीचं पोर रडताना आतून आईचा आवाज आला की गप्प होऊन वाट बघतं. माझी मुलगी मात्र मी स्वयंपाकघरातून कितीही 'आले गं सोने' म्हटलं तरी रडायचीच. मी दिसले की मगच थांबायची.

दुसऱ्या दिवशी सगळे कापूस वेचायला गेले. मी अंगणात गोधडी अंथरून तिला निजवलं, तिच्या डोक्यामागे उभी राहिले आणि तीच थाळी हातात धरून उलथण्याने वाजवली. ओसरीतलं कुत्रं शेपूट घालून पळालं. मुलगी पायाचा अंगठा चोखत राहिली. मी पुन्हा वाजवली, आणखी जोरात. ती अंगठा चोखतच होती. मग माझ्या लक्षात आलं. काल ती थाळीला दचकलीच नव्हती. खांब हादरला, झोळी हलली आणि ती जागी झाली, एवढंच.

आमच्या तीर्थपुरीहून जालन्याला कानाच्या डॉक्टरांकडे जाताना एसटीत नवरा खिडकीबाहेरच बघत बसला. मला ते बरंच वाटलं. 'काही नसतं गं' असं तो म्हणाला असता तर मी भांडले असते.

कानाच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, बोलणं कानातून येतं. कमी ऐकू येतंय हे आत्ता कळलं तर मशीन लावून, शिकवून बोलतं करता येतं. जितका उशीर, तितकं अवघड."

मग आम्हाला एका लहानशा, गादीसारख्या भिंतींच्या खोलीत नेलं. मुलगी माझ्या मांडीवर. समोर बसलेली तपासणीवाली बाई एक रंगीत चाक फिरवून तिला रमवत होती. नवरा काचेपलीकडे उभा होता. "आवाज येतील," ती बाई मला म्हणाली. "काही झालं तरी तुम्ही हलायचं नाही. मांडी हलली तर ती तुमच्यामुळे बघेल, आवाजामुळे नाही."

पहिला आवाज बारीक होता. मग थोडा मोठा. मग त्याहून मोठा. माझ्या सर्वांगाचे कान झाले होते. मुलगी चाकात गुंग. आणि एकदम असा आवाज आला की मीच दचकले. मुलीने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि खुदकन हसली.

काचेपलीकडे नवरा उडालाच. "बघितलं! बघितलं तिनं!" त्याचा आवाज आत येत नव्हता, पण ओठांवरून कळलं.

"ताई, तुम्ही दचकलात," बाई हळूच म्हणाली. "परत घेऊ."

तेव्हा मला खरी भीती वाटली. मुलीची नाही, माझी स्वतःची. नुसता गुडघा कणभर हलवला असता तर ती पुन्हा वर बघून हसली असती. आम्ही संध्याकाळी हसतखेळत घरी पोचलो असतो. सासूबाईंनी तीट लावून दृष्ट काढली असती. नवरा काचेतून माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत तेच मागणं होतं. मी मान वळवली.

मी टाचा फरशीत रोवल्या, पदर दातात धरला आणि श्वास कोंडून बसले.

आवाज आला. माझ्या दातांपर्यंत पोचला. मांडी मी हलू दिली नाही. मुलगी चाक फिरताना बघत राहिली. एवढा मोठा आवाज, आणि आम्हा मायलेकींत तो ऐकणारी मी एकटीच होते.