वळसंगच्या शिबिरातल्या मावशी

स्पिरिटचा वास आला की मला वळसंगचं नेत्रशिबिर आठवतं. ऑप्टोमेट्रीचं माझं शेवटचं वर्ष होतं. शेतात राबणाऱ्या एका मावशींनी तक्त्यावरची शेवटची ओळही बरोबर सांगितली, तरी त्या उठेनात.

"समोरचं दिसतंय की, पर बाजूनं आलेलं माणूस दिसत न्हाय," त्या म्हणाल्या.

रांग मोठी होती. "वयामुळं होतं," म्हणत मी जवळचा चष्मा लिहून दिला.

काही वर्षांनी सोलापुरात, माझ्या दवाखान्यात, त्या लेकीचा हात धरून आल्या.

"नंबर वाढलाय का बघा," त्या म्हणाल्या.

काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते; बाजूचं न दिसणं ही त्याचीच खूण होती. आवाजावरून ओळखतील या भीतीनं मी त्यांच्या लेकीशीच हळू बोलत राहिलो. चूक माझी होती, हे सांगायचं राहिलं. नंतर त्या आल्याच नाहीत.