व्याह्यांनी गिळलेली वाइन

आम्ही वसईकडचे ख्रिस्ती. आमच्यात लग्नात वधूवरांच्या नावाने सगळ्यांनी ग्लास उचलायचा, त्याला टोस्ट म्हणतात, आणि त्या ग्लासात मुलीच्या आईने घातलेली वाइनच असते. माझ्या लग्नात माझ्या आईची होती, तिच्या लग्नात तिच्या आईची. म्हणून लेकीचं लग्न ठरलं तशी मी इथे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या घरात, लाँड्रीत, वॉशिंग मशीनच्या मागे बरणी लावली. काळ्या मनुका, साखर, यीस्ट, मूठभर गहू, लवंग-दालचिनी. तोंडाला फडकं बांधलं आणि रोज सकाळी ढवळायला लागले.

लेकीला वास लागलाच. "आई, नो वे! त्यांचं घराणं काय आहे माहितीये ना तुला?"

माहीत होतं, हो. जावई जर्मन, इथे युनिव्हर्सिटीत शिकवतो. त्याचे वडील जर्मनीतल्या आर नावाच्या एवढ्याशा नदीकाठचे. तिथे उभ्या डोंगरावर द्राक्षं लावतात. जागा इतकी थोडी, की नावाजलेली वाइन करणारी घरं बोटांवर मोजावीत. त्यातलं एक ह्यांचं.

"मग? आमचंही घराणंच की."

"आई, ते नुसत्या वासावरून डोंगर ओळखतात! टोस्टला त्यांचीच वाइन. तुझी आपण ख्रिसमसला पिऊ ना."

ख्रिसमसला! म्हणजे लग्नाला नाही. मला इतकं लागलं, की दुसऱ्या दिवशी मी बरणी ढवळलीच नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र दोनदा ढवळली. बरणीचा बिचारीचा काय दोष?

मग व्याही आले. उंच, लालबुंद गालांचे, सुटकेसमध्ये कपडे कमी नि बाटल्या जास्त. प्रत्येक बाटली एकेका लोकरी मोज्यात घातलेली. एक त्यांच्या घरची, बाकीच्या खोऱ्यातल्या इतर नामांकित घरांच्या. शेजाऱ्यांचा मालसुद्धा त्यांनी स्वतः वाहून आणला होता. हे मला फार आवडलं. आमच्याकडे कुणी जावेच्या लोणच्याची बरणी विमानातून नेईल का, सांगा! रविवारी दुपारी सगळ्या चाखायच्या आणि लग्नाच्या जेवणाला कुठली घ्यायची ते ठरवायचं, असा बेत होता.

टेबलावर ग्लास मांडले. जावयाने एक मोठं भांडं मागितलं. मी माझं ट्रायफल पुडिंगचं काचेचं भांडं दिलं, म्हटलं फळंबिळं कापत असतील.

व्याह्यांनी पहिली बाटली उघडली. ग्लास फिरवला, त्यात नाक खुपसलं, घोट घेतला, चूळ भरावी तसा तोंडात खळखळवला, डोळे मिटले. आणि थुंकले. माझ्या ट्रायफलच्या भांड्यात!

मी मनात म्हटलं, विमानात नासली वाटतं. दुसरी उघडली, पुन्हा तेच. तिसरी तर त्यांच्या सख्ख्या भावाने केलेली, तीही थुंकली! मी हळूच एक घोट घेऊन बघितला. आंबट! जीभ आकसली माझी. खात्रीच पटली. एवढा समुद्र ओलांडून आणली, नि एक घशाखाली उतरेना. तरी माणूस हसतोय, मान डोलावतोय. मला अगदी भरून आलं.

जावयाला म्हटलं, "वडलांना सांग, मनाला लावून घेऊ नका. प्रवासात होतं असं."

"काय होतं, आई?" जावई नुकताच मराठी शिकत होता.

आता ह्याला काय सांगणार? मी ते भांडं उचललं, सिंकमध्ये नेऊन ठेवलं. जेवणाच्या टेबलावर पिकदाणी बघवत नव्हती. आणि पाहुण्याला असं आंबट तोंडाने कसं बसू द्यायचं, म्हणून तशीच लाँड्रीत गेले नि माझ्या बरणीतली ग्लासभर घेऊन आले.

"आई, डोन्ट!" लेक ओरडली, पण ग्लास व्याह्यांच्या हातात गेला होता.

त्यांनी फिरवला, हुंगला, घोट घेतला, खळखळवला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं. गाल आणखी लाल झाले. आणि गिळला!

मी टाळीच वाजवली. "बघ! बाकी सगळ्या थुंकल्या, माझी गिळली!"

लेकीने कपाळाला हात लावला. "आई, टेस्टिंगला थुंकायचीच असते. नाहीतर संपेपर्यंत माणूस झिंगेल. भांडं कुठाय?"

"धुवायला टाकलं."

जावई हसून हसून टेबलावर आडवा. त्याने जर्मनमध्ये वडलांना सगळं सांगितलं, मग तेही डोळे पुसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हसू ओसरल्यावर व्याह्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, मध्ये भाषांतराला जावई. "विहीणबाई, ही द्राक्षं कुठल्या उताराची?"

"सुपरमार्केटची. दुसरी रांग, खालचा कप्पा."

"आणि मुरवली कुठे?"

"वॉशिंग मशीनच्या मागे. तिथे उतार नाही."

त्यांनी मान हलवली. "फार गोड आहे. खोकल्याच्या औषधाची आठवण झाली."

"सी?" लेक म्हणाली.

"पण केली कशासाठी?"

"हिच्या लग्नाच्या टोस्टसाठी," मी म्हटलं. "आमच्यात मुलीच्या आईचीच असते."

व्याह्यांनी ग्लास पुन्हा एकदा फिरवला, हुंगला. मग लेकीला म्हणाले, "आमच्याकडे लग्नाला आजीने केलेली बेदाण्यांची दारू असायची. ह्याच्याहून वाईट. खोऱ्यातले सगळे मोठे वाइनवाले यायचे आणि निमूट प्यायचे. माझ्या बाटल्या जेवणाला. टोस्टला ही."

"बट पापा—" लेक म्हणाली.

"लग्नाच्या टोस्टला कुणी मार्क देत नाही. आणि थुंकत तर नाहीच नाही."

लग्नात छोट्या ग्लासांतून माझीच वाइन फिरली. लेकीने माझ्याकडे बघत ग्लास तळापर्यंत संपवला. मी मात्र व्याह्यांच्या गळ्याकडे बघत होते. गेली, खाली गेली. तरी खबरदारी म्हणून त्यांच्या समोरची फुलदाणी मी आधीच उचलून माझ्या खुर्चीखाली ठेवली होती.