फौजीला ठेवून घ्या

दानम्माचं डोस्कं फिरलं की गडहिंग्लजच्या बाजारात गिऱ्हाईक दुसऱ्या बोळानं जाई. मिरच्या विकायची, आणि तोंड त्याहून तिखट. पण २००३ साली ती तापली ती उगाच नव्हे.

नवरा सोमशेखर फौजेत. काश्मिरात गस्तीवर असताना घसरून पडला, कंबर गेली. इस्पितळानं ‘तात्पुरता अनफिट’ म्हणून घरी धाडला. सहा महिन्यांनी कोल्हापूरच्या लष्करी कचेरीत जायचं, डॉक्टरांनी वाकवून बघायचं, की पुन्हा सहा महिने तात्पुरता. वर्षानुवर्षं हेच गुऱ्हाळ! पलटणीत घेईनात, नोकरीतनं सोडीनात. त्याच्या भावाचं बियाण्याचं दुकान होतं, तिथं बसावं म्हटलं, तर फौजेत नाव असताना दुसरा धंदा करायची बंदी. "काय फौजी, गावातच ड्युटी लागली व्हय?" असं जो तो टोचायचा आणि हा बाबा खाली मान घालून ऐकायचा. दानम्माच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या खेपेला ती सोबत गेली. डॉक्टरसाहेबांनी त्याची कंबर दाबली. म्हणाले, "अजून सहा महिने."

"सायेब, मोटर जळली तर रिवायंडिंगवाला बी एकदाच सांगतो, दुरुस्त हुतीया का भंगारात घालू. तुमी डाक्टर हाय न्हवं?"

"बाई, नियम आहे."

"मुडदा बशिवला त्या नियमाचा! माणूस तुमचा, मोडला तुमच्याकडं. ठिवून घ्या!" नवऱ्याला बाकावर बसवून बया तरातरा फाटकाबाहेर. शिपाई मागं धावला, "वैनी, ह्यास्नी घिऊन जावा की!" तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. सरळ एस.टी. पकडली.

कचेरीत गोंधळ उडाला. साहेबांनी पुण्याला फोन लावले, त्याला तिकडं नेऊन मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि निकाल लागला. कायमचा अनफिट, नोकरीतून मोकळा. सोमशेखर ट्रंक घेऊन दारात आला तेव्हा दानम्मा बाजारभर सांगत सुटली, "सरकारला वाकवलं की न्हाय!"

तो मात्र भिंतीकडं तोंड करून बसला. जेवेना. ताट परत आलं तशी ती खवळली, "आता काय झालं?"

"दर खेपंला वाटायचं, औंदा फिट करतील," तो म्हणाला. "तू बाजारात गेलीस की घरामागच्या परड्यात व्यायाम करायचो. मला पलटणीत परत जायचं हुतं गं."

दानम्मा ताट आदळून ओरडली, "तवा तोंड शिवलं हुतं व्हय? भांडायला मी हुते की! काय मागायचं, तेवढं सांगायचं हुतं!"