नाळेतलं उरलेलं रक्त

गोडादऱ्याच्या कामगार वस्तीतल्या खोलीत धुरपदाबाईशी बोलायला कुणी नव्हतं. नवरा कापडाच्या लूमवर राबून राबून वारला, पोटी मूल नाही, धरणगावच्या भावाची पत्रं कधीच थांबलेली. लिंबायतच्या प्रसूतिगृहात ती दाई होती, आणि तिची माणसं म्हणजे तिथे येणाऱ्या बायका. कळा वाढल्या की खानदेशातल्या पोरी 'माय वं' करत तिच्या गळ्यात पडायच्या आणि चौथ्या दिवशी रिक्षात बसून जायच्या. पुढे भाजीबाजारात भेटल्या, तर बहुतेकींना तिचा चेहराही आठवायचा नाही. पण बाळंतपणाच्या खोलीत तिला कुणीतरी माय म्हणायचं, आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

अठ्ठ्याण्णव साली डॉक्टर रंजनाबेननी नवं काम हाती घेतलं. नाळ कापल्यावर तिच्यात आणि वारेत उरलेलं रक्त एरवी बादलीत जायचं. आता ते बाळंतिणीच्या परवानगीने पिशवीत गोळा करून मुंबईच्या एका रक्तपेढीकडे पाठवायचं होतं. बायकांना अहिराणीत समजवायचं काम धुरपदाबाईकडे आलं आणि तिने ते मन लावून केलं. नाही म्हणणाऱ्या थोड्याच निघाल्या.

तरी पहिल्या नऊ पिशव्यांपैकी आठ पेढीने नाकारल्या. रक्त फारच कमी, असं कळवलं. रंजनाबेननी सुया बदलून पाहिल्या, पिशवी आणखी खाली टांगून पाहिली. मग नीलम नावाच्या मुलीच्या बाळंतपणात त्यांची नजर वर गेली. नाळेला चिमटा लावण्याआधी धुरपदाबाई दोन बोटांनी ती बाळाच्या दिशेने पिळत होती. एकदा, दोनदा, तीनदा.

"मासी, हे काय करता?"

"बाळाचा वाटा बाळाला देते, बेन. वारेत कशाला ठेवायचा?"

हे तिला आईने शिकवलं होतं, आणि आई धरणगावची सुईण. सगळेच असं करतात, असं धुरपदाबाई तीस वर्षं धरून चालली होती.

रंजनाबेन रागावल्या नाहीत. त्यांनी तिला समजावलं की धडधाकट बाळाकडे त्याचं पुरेसं रक्त असतं. मूल अशक्त निघालं तर आपण पिशवी लावतच नाही. उरलेल्या रक्तात मात्र नवं रक्त तयार करणारं बीज असतं. एखाद्या पोराच्या हाडातला रक्ताचा कारखानाच बंद पडला आणि हे रक्त त्याला जुळलं, तर ते पोर जगू शकतं.

"कुणाचं पोर?"

"ते आपल्याला कधी कळणार नाही. त्यांनाही आपण कोण ते कळणार नाही."

"म्हणजे माझ्या बाळंतिणींसारखंच," धुरपदाबाई म्हणाली आणि हसली.

पुढच्या खेपेला बोटं नाळेकडे जाऊ नयेत म्हणून तिने बाळ दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवलं. पिशवीत पंच्याऐंशी मिलिलिटर रक्त आलं आणि पेढीने ती ठेवून घेतली. त्यानंतरच्या खेपेला पोर जरा उशिरा रडलं, आणि धुरपदाबाईची बोटं आपसूक नाळेवर गेली. पिशवी तीस मिलिलिटरलाच थांबली.

तिने हात धुतले आणि म्हणाली, "बेन, हात ऐकत नाही. मला बाहेरचं काम द्या."

"सवय जाईल हळूहळू."

"तीस वर्षांची आहे. तोवर किती पिशव्या वाया घालवू?"

आत तिच्या जागी सरलाबाई नावाची दुसरी दाई आली. आता धुरपदाबाई कपडे उकळते, बायकांना परवानगीचं समजावते आणि कळा देणाऱ्या पोरीला दारापर्यंत नेते. पोरी तिचा हात सोडत नाहीत. ती एकेक बोट सोडवते, आणि सरलाबाई दार लावून घेते.